बाईंच्या नावाचा आवाज

एडमंटनला आल्यावर तिसऱ्या महिन्यात माझी दाढ दुखायला लागली. दातांच्या दवाखान्यातून फोन आला, उद्या सकाळी साडेनऊची अपॉइंटमेंट आहे, इन्शुरन्सचं कार्ड विसरू नका. इंग्रजीत सुरू झालेलं बोलणं माझं नाव वाचता वाचता मराठीत आलं आणि मी दाढ विसरून नुसती ऐकत राहिले. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. त्या तीन महिन्यांत नवऱ्याखेरीज कुणाचं मराठी कानावर पडलं नव्हतं हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. त्या आवाजाला कसली घाईच नव्हती. एक शब्द पुरता संपला की मगच दुसरा यायचा.

त्या अरुणाकाकू. अरुणा खांबेटे. शहरातल्या मिल वूड्स भागात त्यांचं घर आमच्यापासून चार घरांवर निघालं आणि मग दहा वर्षं त्यांच्याकडे माझं जाणंयेणं राहिलं. त्यांची हकिकत मला त्यांच्याकडूनच कळली, पण फार उशिरा, दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात. तेव्हा त्या घरात नवऱ्याशी एक शब्दही बोलत नव्हत्या.

लग्नाआधीच्या त्या अरुणा आगाशे. बी.ए. झाल्यावर मुंबईत रेडिओवरच्या श्रुतिकांमध्ये लहानसहान कामं करायच्या. त्या काळी एका केशतेलाच्या कंपनीने चालवलेला ‘रुपेरी श्रुतिका’ नावाचा कार्यक्रम होता. दर रविवारी दुपारी दीड वाजता, नवी गोष्ट आणि पडद्यावरचा कुणीतरी नामवंत नट किंवा नटी. जेवणं उरकून लोक रेडिओभोवती बसायचे. नावं सगळी सिनेमावाल्यांची. बाकीच्या पात्रांसाठी चारपाच जणांचा ठरलेला संच होता, त्यात काकू. मोलकरीण, नणंद, म्हातारी, रडणारं मूल, सगळं त्या करायच्या. नट मंडळींना वेळ नसायचा. ती यायच्या आधी त्यांची वाक्यंही काकूच वाचायच्या, म्हणजे ध्वनिमुद्रण करणाऱ्याला आवाजाची पातळी लावून ठेवता येई. कागद टाचायचे नाहीत, वाचून झालेलं पान अलगद सतरंजीवर सोडायचं, म्हणजे खडखड होत नाही. हे सांगताना काकूंनी आमच्या घरांजवळच्या तळ्याकाठच्या बाकावर हातातला पेपर नॅपकिन तसाच सोडून दाखवला होता.

त्र्याहत्तर साली ‘ट्रंक कॉल’ नावाची श्रुतिका ठरली. लहान गावातली एक टेलिफोन ऑपरेटर आणि दूर धरणावर काम करणारा एक माणूस. तो रोज घरी फोन लावायला सांगतो, लाइन मिळत नाही, आणि ती त्याला रोज नाही म्हणता म्हणता त्याच्याशी बोलू लागते. शेवटची आठ मिनिटं ती एकटीच बोलते. काम त्या वेळच्या फार मोठ्या नटीचं होतं. काकू तिला नुसतं ‘बाई’ म्हणायच्या. नाव त्यांनी मलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बाई आल्याच नाहीत. कोल्हापूरला चित्रीकरण लांबलं होतं. टेप दुसऱ्या दिवशी पोचवायची होती आणि जाहिराती छापून झाल्या होत्या. निर्माते प्रताप सबनीस यांनी काकूंना कोपऱ्यात नेलं आणि बाईंसारखं बोलता येईल का, असं विचारलं. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. मग सबनीस म्हणाले, पहिली दोन पानं बाईंसारखी कर, तेवढ्यात लोकांचा विश्वास बसेल. पुढे तुझ्या मनासारखं बोल. काकूंनी तसंच केलं. शेवटची आठ मिनिटं संपली तेव्हा काचेपलीकडचा माणूस टेप थांबवायला विसरला होता. सबनिसांनी शपथ घातली, हे कुठे बोलायचं नाही. काकूंनी ती पाळली.

त्या श्रुतिकेवर बाईंच्या नावाने पोत्याने पत्रं आली. बाईंनी आयुष्यात केलेलं हे सर्वांत चांगलं काम, असं एका वर्तमानपत्राने लिहिलं. काकूंनी ते कात्रण ठेवलं नाही. पुढच्या रविवारी त्या पुन्हा मोलकरीण झाल्या.

‘ट्रंक कॉल’ लागली त्या रविवारी पुण्यात चारुदत्त खांबेटे नावाच्या तरुण इंजिनियरने ती आपल्या बाळमामांकडे ऐकली होती. मामांकडे टेपरेकॉर्डर होता. ‘ट्रंक कॉल’ त्यांनी टेपवर घेतली. दोन वर्षांनी हे चारुदत्त मुलगी बघायला आगाश्यांकडे गेले. त्यांना कॅनडात नोकरी लागली होती. मुलगी रेडिओवर काम करते कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, तुम्ही बाईंना पाहिलंय का? मग वीस मिनिटं ते ‘ट्रंक कॉल’विषयी बोलत राहिले. ऑपरेटर कुठे थांबते, कुठे तिचा श्वास ऐकू येतो, सगळं त्यांना पाठ होतं. काकू खाली मान घालून ऐकत होत्या.

“मला वाटलं, हा माणूस मला ओळखेल,” काकू मला म्हणाल्या. “मी शपथ मोडायची नाही. पण रोज माझा आवाज ऐकल्यावर त्याला कळेलच ना. मी त्या भरवशावर लग्न केलं, रुचा.”

शहात्तरच्या जानेवारीत त्या एडमंटनला उतरल्या. सामानात टेपवरून उतरवून घेतलेली कॅसेट होती. इथे तेव्हा मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कुणी जेवायला आलं की चारुदत्तकाका कॅसेट लावायचे. सगळ्यांनी गप्प बसायचं, मुलांना बेसमेंटमध्ये पाठवायचं. ती आठ मिनिटं झाली की ते बटण दाबून कॅसेट थांबवायचे. मग काका म्हणायचे, “काय आवाज आहे!” आणि काकू स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत असायच्या.

काका वाईट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. शेजारच्यांच्याही दारासमोरचा बर्फ ते शोव्हल करायचे. नव्या आलेल्या मुलांना विंटर टायर कुठले घ्यावेत हे सांगायला स्वतः गाडी काढून जायचे. इथल्या मराठी मंडळाने नाटक बसवलं आणि काकूंना काम मिळालं, तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही. तालमीला रोज कोण सोडणार, मुलगी लहान आहे, रस्ते निसरडे आहेत, एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच झालं. तिसऱ्या वर्षी मंडळाने विचारलं नाही. काकूंनी दवाखान्यात नोकरी धरली आणि सत्तावीस वर्षं लोकांना उद्याच्या अपॉइंटमेंटची आठवण करून दिली.

एकोणनव्वद साली बाई गेल्या. बातमी टपालाने आलेल्या मासिकातून दीड महिन्याने कळली. काकांनी त्या दुपारी एकट्यानेच कॅसेट लावली. त्यांचे डोळे भरलेले पाहून काकूंना राहवलं नाही. सबनीसही तोवर गेले होते. आता शपथ कुणासाठी पाळायची? त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “अहो, ती मी आहे.”

काका हसले. “तू पण ना, अरुणा,” म्हणाले, आणि कॅसेट मागे घ्यायला उठले.

काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्या मनाशी म्हणायच्या, न ओळखणं हा काही गुन्हा नाही. एखाद्याच्या कानाला नसेल कळत. या एका समजुतीवर त्यांनी पुढची चौतीस वर्षं काढली.

ऊर्मी त्यांची एकुलती मुलगी. ती व्हँकुव्हरला सिनेमाच्या कामात आहे. नटांचे संवाद तुकडा तुकडा ऐकून साफ करायचे, हा तिचा धंदा. तेवीसच्या मार्चमध्ये बाबांच्या सत्त्याहत्तराव्या वाढदिवसासाठी ती कॅसेट तिने मागवून घेतली, खरखर काढून नव्याने करून द्यावी म्हणून. लहानपणी कॅसेट लागली की तिला खाली पाठवायचे, म्हणून तिने ती कधी नीट ऐकलीच नव्हती. तिचं मराठी बेताचं आहे. बाई कोण, हेही तिला माहीत नव्हतं. तिने हेडफोन लावले, पहिली काही मिनिटं ऐकली, मग तिथूनच आईला फोन केला.

“आई, दॅट्स यू. तू सांगितलं का नाहीस कधी?”

काकू तेव्हा मेथी निवडत होत्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं होतं, आणि तेही त्या मुलीने, जिला त्यातले निम्मे शब्द कळत नव्हते.

एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीला ऊर्मी घरी आली. जेवणानंतर तिने लॅपटॉपवर ‘ट्रंक कॉल’ लावली. आवाज इतका स्वच्छ झाला होता की पान सतरंजीवर पडल्याचंही ऐकू येत होतं. संपल्यावर तिने बाबांना विचारलं, ही आई आहे, तुम्हाला कधी कळलं नाही का?

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “माहीत आहे मला,” ते म्हणाले.

काकूंनी विचारलं, “केव्हापासून?”

“तू इथं आलीस त्याच आठवड्यात. फर्नेस बंद पडून घर गारठलं म्हणून बेसमेंटमधून हाक मारलीस ना, तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

काकांनी टेबलाकडे बघितलं. मग म्हणाले, “बोललो असतो तर तुला विचारावं लागलं असतं, ते सगळं सोडून या बर्फात राहशील का. तू नाही म्हणाली असतीस.”

“मी सांगितलं त्या दिवशी हसलात का?” काकूंनी विचारलं. भ्यालो होतो, असं काका म्हणाले. मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, “म्हणून तर येईल त्याला ऐकवायचो. तुझंच कौतुक व्हायचं ना.”

“बाईंचं व्हायचं,” काकू म्हणाल्या.

यानंतर सात महिने त्या काकांशी बोलल्या नाहीत.

भांडण झालं नाही. काकू बेसमेंटमधल्या खोलीत झोपायला गेल्या, एवढंच. सकाळी वर येऊन चहा करायच्या, काकांच्या हृदयाच्या गोळ्या वारांच्या डबीत भरायच्या, डॉक्टरकडे गाडीने न्यायच्या. स्वयंपाक दोन्ही वेळचा. माझ्याशी, ऊर्मीशी, शेजारच्या लेस्टरशी बोलायच्या. हा लेस्टर मूळचा वसईचा, त्याला कुंपणावरून गप्पा मारायची हौस. काका खोलीत आले की काकूंचं बोलणं थांबायचं. काका मात्र बोलत राहायचे. हॉकीचा निकाल सांगायचे, बागेत ससा आलाय म्हणायचे. पुढे पुढे ते हळू आवाजात सांगू लागले, जणू उत्तराची अपेक्षाच नसल्यासारखं.

जूनमध्ये मी काकूंना विचारलं, हे किती दिवस? त्या म्हणाल्या, “त्यांना कळलं नव्हतं तोवर माझं चाललं होतं, रुचा. कळलं होतं हे मला सोसत नाही. मी रोज बोलत होते आणि हा माणूस रोज ओळखत होता.”

सप्टेंबरमधल्या एका दुपारी काका माझ्या दारात आले. थंडी पडायला लागली होती, तरी जॅकेटची चेन उघडी होती. आत येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. अरुणा तुझ्याशी बोलते का, म्हणाले. मी हो म्हटलं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“तिला एक फोन लाव,” ते म्हणाले. “काहीही विचार. स्पीकरवर ठेव. मी आहे ते सांगू नकोस.”

मी लावायला नको होता. पण त्यांच्याकडे बघून मला नाही म्हणवेना. मी फोन लावला आणि सुचलं ते विचारलं, काकू, साखरआंबा घट्ट झालाय, काय करू? काकूंनी सांगितलं. पाक कसा बघायचा, चमच्यावरून थेंब कसा पडू द्यायचा, त्यांच्या आईकडे कुठल्या भांड्यात करायचे. सात-आठ मिनिटं त्या बोलत होत्या. काका डोळे मिटून ऐकत होते. फोन संपल्यावर ते उठले, मला थँक यू म्हणाले, आणि निघून गेले.

नोव्हेंबरपर्यंत ते सहा वेळा आले. मी अळूच्या वड्या विचारल्या, भाजणी विचारली, नऊवारी कशी नेसायची विचारलं. प्रत्येक वेळी वाटायचं, हे काकूंना सांगून टाकावं. सांगितलं नाही.

त्या वर्षी पहिला मोठा बर्फ नोव्हेंबरच्या एका गुरुवारी पडला. डॉक्टरांनी काकांना शोव्हल करायला साफ मनाई केली होती. काकू आंघोळीला गेल्या असताना ते फावडं घेऊन बाहेर गेले. शेजारी लेस्टर गाडीवरचा बर्फ काढत होता. त्याने काकूंची हाक ऐकली म्हणून तो वळला. काकू ओल्या केसांनी, अनवाणी, ड्राइव्हवेवर कोसळलेल्या काकांपाशी बसल्या होत्या आणि ‘अहो, अहो’ करत होत्या. लेस्टर मला म्हणाला, काकूंचा एवढा मोठा आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

काका त्यानंतर दोन दिवस होते, पण शुद्धीवर आले नाहीत. नर्स म्हणाली, बोलत राहा, कदाचित ऐकू जात असेल. ऊर्मी व्हँकुव्हरहून आली. तिच्या फोनमध्ये ‘ट्रंक कॉल’ होती. ती लावू का, असं तिने विचारलं.

“नको,” काकू म्हणाल्या. “ते त्यांनी पुष्कळ ऐकलंय.”

आणि त्या स्वतः बोलू लागल्या. मी शुक्रवारी दुपारभर तिथे होते. त्या काही मोठं बोलत नव्हत्या. फर्नेसचा फिल्टर बदलायचा राहिलाय. तुमचा तो ससा काल परत आला होता. मे महिन्यात तुम्ही विचारलंत भेंडी कडू आहे का, तर हो, होती. जुलैमध्ये तुम्ही हॉकीच्या कुठल्याशा खेळाडूचं सांगत होतात, त्याचं नाव मला कळलं नाही, मी विचारणार होते. सात महिन्यांत काका जे जे बोलले होते त्याची उत्तरं त्या एकेक करून देत होत्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. घसा बसला तरी थांबल्या नाहीत. शनिवारी सकाळी मॉनिटरची रेघ सरळ झाली, तेव्हाही त्या काहीतरी सांगत होत्या, आणि वाक्य पुरं करूनच त्या थांबल्या.

तेराव्याचं जेवण झाल्यावर मी भांडी पुसत होते. तिथेच मी त्यांना फोनचं सांगितलं. त्या मला घराबाहेर काढतील असं वाटलं होतं. त्यांनी नळ बंद केला.

“किती वेळा?”

“सहा.”

“तरीच. मला वाटायचं, ह्या मुलीला इतकं साधं कसं येत नाही.” त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “सांगितलं असतंस तर थोडं जास्त बोलले असते.”

पुढच्या उन्हाळ्यात घर विकलं. काकू आता ऊर्मीच्या काँडोत राहतात. कुणीतरी जुन्या ‘रुपेरी श्रुतिका’ इंटरनेटवर टाकल्या आहेत, त्यात ‘ट्रंक कॉल’ही आहे, बाईंच्या फोटोसकट. खाली लोक लिहितात, असा आवाज पुन्हा होणे नाही. ऊर्मी खरं काय ते लिहिणार होती. काकूंनी तिला लिहू दिलं नाही. बाईंची मुलगी कुठेतरी ते ऐकत असेल, म्हणाल्या, तिच्याकडे आईचं तेवढं राहू दे.

ऊर्मीने एकदा त्यांना आपल्या स्टुडिओत नेलं. मायक्रोफोन लावून दिला, काहीही बोल म्हणाली, आणि काचेपलीकडे जाऊन बसली. काकू वीस मिनिटं बसल्या होत्या. मग दार उघडून बाहेर आल्या आणि वॉशरूम कुठे आहे, असं विचारलं.

मी अधूनमधून फोन करते. बोलणं थोडंच होतं. तिकडे पाऊस फार, बस वेळेवर येत नाही, गुडघा दुखतो. गेल्या महिन्यात मी धीर करून विचारलं, काकांना तुम्ही माफ केलंत का?

“ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “ते सात महिने मला परत पाहिजेत, एवढं माहीत आहे.”

मग ग्रोसरीला जायचंय, ऊर्मी खाली गाडीत थांबलीय, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.